हळदीचा दर पानावरून मोबाइलवर: ब्राउझर ऑटोमेशन वर्कफ्लो सेवेला कसं जोडायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे आटोपले की बऱ्याच अडत दुकानांत एक काम ठरलेलं असतं. दिवाणजी संगणकावर बाजारभावाचं पान उघडतात, हळदीची ओळ शोधतात, आवक आणि दर कागदावर उतरवतात. मग तेच आकडे एक्सेलमध्ये भरतात आणि पुन्हा मोबाइलवर टाइप करून शेतकऱ्यांच्या गटावर टाकतात. एकच आकडा तीनदा लिहिला जातो. राजापुरी हळदीच्या दरात हजाराचा आकडा चुकून वाढला तर कडेगावचा शेतकरी टेम्पो ठरवून माल घेऊन येतो, कमी पडला तर माल घरातच ठेवतो. दोन्ही वेळा झळ त्यालाच बसते.

हे काम संगणकाकडे सोपवता येतं, पण त्याला दोन वेगळ्या प्रकारची साधनं लागतात. ब्राउझर ऑटोमेशन पान उघडतं, यादीतून शेतमाल निवडतं, बटण दाबतं आणि तक्ता वाचतं. वाचलेलं पुढे कुणाला सांगायचं, हे मात्र त्याला माहीत नसतं. झॅपियर, मेक, एन-एट-एन या वर्कफ्लो सेवांचं याच्या उलट आहे. शीट, ईमेल, टेलिग्राम, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली) अशा कितीतरी ठिकाणी त्या माहिती पोचवतात, पण जावास्क्रिप्टनं, म्हणजे पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडनं, रंगवलेला तक्ता त्यांना दिसत नाही. त्यांच्या साध्या एचटीटीपी विनंतीला, म्हणजे ब्राउझरशिवाय नुसतं पान मागण्याला, अशा पानाचा रिकामा सांगाडाच मिळतो. या दोघांच्या मधला सांधा नीट बसवण्याबद्दल हा लेख आहे. ब्राउझर चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिणं तुलनेनं सोपं असतं. बिघाड बहुतेक वेळा सांध्यावर होतो, म्हणून लेखातली जास्त जागाही मी सांध्यालाच दिली आहे.

आधी बघा, ब्राउझर लागतोच का

दराचं पान उघडा, त्यावर उजवं क्लिक करून पानाचा मूळ स्रोत बघा आणि त्यात आजचा आकडा शोधा. तिथे आकडा दिसला तर ब्राउझर चालवायची गरज नाही, वर्कफ्लोतली एचटीटीपी पायरी ते पान थेट वाचेल. दिसला नाही तर डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून पान पुन्हा लोड करा. अनेकदा तक्त्याची माहिती मागच्या दारानं जेसन या, प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात येताना दिसते.

त्याहून चांगली गोष्ट म्हणजे अधिकृत एपीआय, म्हणजे प्रोग्रामनं थेट माहिती मागण्यासाठी ठेवलेलं दार. देशातल्या बाजार समित्यांचे रोजचे दर केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर, म्हणजे डेटा डॉट गव्ह डॉट इनवर, एपीआयद्वारे मिळतात. नोंदणी केल्यावर एपीआय वापरायची किल्ली (‘एपीआय की’) मिळते. तुम्हाला हवी ती बाजार समिती, हवा तो माल आणि हवी ती वेळ तिथे मिळत असेल तर पुढचा निम्मा लेख सोडून द्या. एपीआय असताना ब्राउझर चालवणं म्हणजे देखभालीचं ओझं विनाकारण अंगावर घेणं.

ज्या पानावर कॅप्चा आहे, ओटीपी लागतो किंवा वापराच्या अटींत स्वयंचलित वाचनाला मनाई आहे, तिथे ही वाट धरू नका. कॅप्चा चुकवायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर सापडतात, पण शेतकऱ्यांच्या भरवशाचं काम अशा पायावर उभं करणं बरोबर नाही. सार्वजनिक पान वाचतानाही दिवसातून एक-दोन फेऱ्या पुरतात. भाव दिवसातून एकदाच बदलतो. दर पाच मिनिटांनी पान उघडून त्यांच्या सर्व्हरवर भार टाकायचं कारण नाही.

साधनं निवडताना

सेलेनियम २००४ पासून आहे, त्यामुळे त्यावर शिकण्याचं साहित्य मुबलक मिळतं. पपेटिअर २०१७ मध्ये गूगलच्या क्रोम मंडळींनी आणलं. प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, २०२० चं. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी प्लेराइटच सुचवतो. बटण दिसेपर्यंत आणि दाबता येण्याजोगं होईपर्यंत ते आपणहून थांबतं, आणि त्यातल्या कोडजेन या सोयीनं तुम्ही माउसनं केलेल्या कृतींचा कोड तयार होतो.

वर्कफ्लोसाठी तिन्ही सेवा चालतील. फरक हिशेबात आहे. झॅपियर यशस्वी झालेल्या प्रत्येक कृतीचे पैसे आकारतं आणि वेबहुकची, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामकडून संदेश घेणाऱ्या पत्त्याची, सोय सशुल्क योजनेत देतं. मेकमध्ये प्रत्येक मॉड्यूलची फेरी मोजली जाते. एन-एट-एनच्या क्लाउडवर पूर्ण वर्कफ्लो एकदा चालला की एक मोजला जातो, आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं तर त्याची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे. लहान अडत दुकानासाठी मला एन-एट-एन परवडणारं वाटतं, म्हणून पुढची उदाहरणं त्याचीच आहेत.

एन-एट-एनच्या डॉकर कंटेनरमध्येच, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या गरजांसह ज्यात चालतो त्या बंद डब्यातच, ब्राउझर बसवायचा मोह होतो. तसं करू नका. त्याची प्रतिमा (ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा) अल्पाइन लिनक्सवर बेतलेली आहे आणि प्लेराइटचे ब्राउझर अल्पाइनवर अधिकृतपणे चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टची प्लेराइटसाठीची वेगळी डॉकर प्रतिमा उबुंटूवर आहे, ती शेजारच्या कंटेनरमध्ये चालवा. ब्राउझर मेमरी खातो, कधी अडकतो. वेगळा ठेवला की त्याच्यासोबत वर्कफ्लो आडवा होत नाही.

स्क्रिप्ट: ओळ नावानं शोधा, क्रमानं नको

कोडजेननं दिलेला कोड जसाच्या तसा वापरला तर तो आज चालेल आणि पुढच्या महिन्यात चुकीचा आकडा आणेल. कारण त्यात ‘तिसरी ओळ, सहावा रकाना’ असा पत्ता येऊ शकतो. एखाद्या दिवशी परपेठ हळदीची आवक आली नाही की ओळी वर सरकतात आणि राजापुरीच्या जागी भलताच माल वाचला जातो. स्क्रिप्ट कुठेही अडखळत नाही, हीच यातली मोठी अडचण. म्हणून आधी शीर्षकाच्या ओळीतून ‘सर्वसाधारण दर’ हा रकाना कितवा आहे ते शोधा, मग शेतमाल आणि जात या दोन्हींवरून ओळ ठरवा. जुळणारी ओळ सापडली नाही तर स्क्रिप्टनं तिथेच थांबावं. जवळची ओळ उचलू नये.

आकड्यांकडे नीट लक्ष द्या. समजा पानावर दर इंग्रजी अंकांत १४,५०० असा स्वल्पविराम देऊन लिहिला आहे. जावास्क्रिप्टमधलं पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतं आणि तुमच्या हाती फक्त १४ ठेवतं, तेही कुठलीही त्रुटी न दाखवता. पायथनचं इंट मात्र स्वल्पविराम बघून त्रुटी देतं, आणि ते बरंच आहे. आकडे देवनागरीत असतील तर उलटं होतं. पायथन ते बिनबोभाट वाचतो, जावास्क्रिप्टला ते आकडेच वाटत नाहीत. त्यामुळे भाषा कुठलीही असो, आधी स्वल्पविराम काढायचे, देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलायचे, मगच संख्या करायची.

दुसरा सापळा परिमाणाचा. हळदीचा दर क्विंटलवर बोलला जातो, बेदाण्याचा सौद्यात किलोवर. पानावर मात्र बेदाणाही क्विंटलमध्ये असू शकतो. किलोला १८० आणि क्विंटलला १८,००० हा एकच दर आहे, पण मोबाइलवर वाचणाऱ्याला ते कळायला हवं. परिमाणाचा रकाना वाचून आकड्यासोबतच पुढे पाठवा. मनानं गृहीत धरू नका.

आणि ‘आज दर नाही’ ही अवस्था स्वतंत्र धरा. रविवार असतो, सण असतात. बेदाण्याचं बघा, दिवाळीच्या सुमारास सांगली आणि तासगावात झिरो पेमेंटसाठी, म्हणजे सगळी देणी चुकती व्हावीत म्हणून, सौदे काही आठवडे बंद ठेवले जातात. त्या काळात तक्ता रिकामा असणं हेच बरोबर. पण पानाची रचना बदलल्यामुळे तक्ता सापडला नाही तरी हाती तेच येतं, काहीच नाही. या दोन्हींत फरक करायचा तर तक्त्याचं शीर्षक सापडलं का हे वेगळं तपासा. शीर्षक आहे आणि ओळ नाही, तर सौदे नाहीत. शीर्षकच नाही, तर बिघाड.

पाठवायच्या माहितीचा साचा आधी कागदावर

स्क्रिप्ट आणि वर्कफ्लो यांच्यात काय जाणार हे दोन्हीकडचं काम सुरू करण्याआधी ठरवा. मी साधारण एवढे घटक ठेवतो: फेरीचा क्रमांक, बाजार समिती, दराची तारीख, वाचल्याची वेळ, अवस्था आणि ओळींची यादी. प्रत्येक ओळीत शेतमाल, जात, परिमाण, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. अवस्था तीनच: मिळाले, सौदे नाहीत, बिघाड.

दराची तारीख आणि वाचल्याची वेळ हे दोन वेगळे घटक आहेत, ते एकत्र करू नका. पान संध्याकाळी उशिरा अद्ययावत झालं तर सहा वाजता वाचलेला दर कालचा असू शकतो. तारीख पानावरून घ्या, संगणकाच्या घड्याळावरून नाही. आणि सगळ्या ओळी एकाच संदेशात पाठवा. आठ ओळींसाठी आठ वेळा हाक मारली तर हिशेबही आठपट होतो आणि अर्ध्यात जोडणी तुटली की शीट अर्धवट भरते.

वेबहुक

एन-एट-एनमध्ये नवा वर्कफ्लो घेऊन पहिली पायरी वेबहुकची ठेवा, पद्धत पोस्ट (माहिती पाठवण्याची) निवडा. तिथे दोन पत्ते दिसतील. एक चाचणीचा, जो तुम्ही ऐकण्याचं बटण दाबल्यावर थोडा वेळच जागा असतो. दुसरा प्रत्यक्ष वापराचा, जो वर्कफ्लो सुरू करून ठेवल्यावरच चालतो. ‘काल चाललं, आज ४०४ (पत्ता सापडला नाही) येतंय’ या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथेच मिळतं: स्क्रिप्टमध्ये चाचणीचा पत्ता राहिलेला असतो.

वेबहुकला कुलूप लावा. सुरुवातीला तिथे कुठलीच पडताळणी नसते, म्हणजे ज्याला पत्ता कळेल तो तुमच्या नावानं हवा तो दर पाठवू शकतो. हेडर ऑथ, म्हणजे संदेशासोबत आलेला गुप्त शब्द तपासणारी पडताळणी, निवडा, एक लांब, कुणाला अंदाज न येणारा शब्द ठरवा आणि स्क्रिप्टमध्ये तो कोडात न लिहिता पर्यावरण चलातून (कोडाबाहेर, मशिनच्या सेटिंगमध्ये ठेवलेल्या किमतीतून) वाचा. पत्ता एचटीटीपीएसचाच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाची सेटिंग. वेबहुक मूळ स्थितीत संदेश मिळाल्याबरोबर २००, म्हणजे ‘ठीक आहे’, असं उत्तर देतो. स्क्रिप्टला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात गूगल शीटची परवानगी संपलेली असते आणि एकही ओळ लिहिली जात नाही. म्हणून उत्तराची पद्धत बदला, ‘रिस्पाँड टू वेबहुक’ ही पायरी वापरा आणि ती शीटमध्ये ओळ पडल्यानंतरच ठेवा. उत्तरात किती ओळी लिहिल्या ते परत द्या. स्क्रिप्टनं तो आकडा आपल्या ओळींशी ताडून बघावा. एवढं केलं की स्क्रिप्टच्या नोंदीत दिसणारं यश खरं असतं.

उत्तर नीट आलं नाही तर काय करायचं हे उत्तराच्या क्रमांकावरून ठरतं. ४०० किंवा ४०१ आलं तर साचा किंवा कुलूप चुकलं आहे, पुन्हा पाठवून उपयोग नाही, थांबा आणि कळवा. ४२९ (फार विनंत्या झाल्या) किंवा ५०० च्या घरातलं (सर्व्हरची अडचण) काही आलं तर थोडं थांबून पुन्हा पाठवा, दर वेळी थांबण्याची वेळ वाढवत. वेळ संपली पण उत्तरच आलं नाही, ही अवस्था सगळ्यात अवघड, कारण संदेश पोचला की नाही हे कळायला मार्ग नसतो. तिथे पुन्हा पाठवावंच लागतं, आणि मग एकच दर दोनदा पडतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला ओळखीची खूण: बाजार समिती, तारीख, शेतमाल आणि जात जोडून केलेली. गूगल शीटच्या पायरीत नुसती भर घालण्याऐवजी ‘भर घाला किंवा सुधारा’ हा पर्याय घ्या आणि जुळवणीसाठी हीच खूण द्या. संदेश कितीदाही आला तरी ओळ एकच राहते. मोबाइलवरचा संदेशही त्या खुणेपुढे ‘पाठवला’ अशी नोंद नसेल तरच जाऊ द्या.

पाठवण्याआधी वर्कफ्लोनं काय तपासायचं

किमान दर सर्वसाधारणपेक्षा जास्त नाही आणि सर्वसाधारण कमालपेक्षा जास्त नाही. तारीख आजची आहे. आवक शून्य असताना दर आलेला नाही. या तिन्ही अटी एका इफ पायरीत बसतात.

चौथी अट विचार करून ठेवा: मागच्या सौद्याच्या तुलनेत दर फारच हलला तर संदेश रोखून धरायचा आणि दुकानातल्या जाणत्या माणसाला विचारायचं. ‘फारच’ म्हणजे किती, हे तुमच्या जुन्या शीटवरून काढा. हंगामात नवी हळद यायला लागते तेव्हाच्या उड्या वेगळ्या असतात, पावसाळ्यातल्या वेगळ्या. टेलिग्रामवर जाणत्याला ‘पाठवू का’ असा प्रश्न जातो, होकार आला की पुढची पायरी चालते. एन-एट-एनमध्ये संदेश पाठवून उत्तराची वाट बघण्याची सोय त्यासाठीच आहे. अडत्याला दर ऐकल्याबरोबर खटकतो. ती जाण कुठल्याही अटीत पूर्ण बसत नाही, म्हणून तो माणूस साखळीत असू द्या.

शेतकऱ्यांपर्यंत पोचवताना टेलिग्राम सगळ्यात सोपं पडतं. टेलिग्रामच्याच बॉटफादर या खात्याकडून बॉट (आपोआप संदेश पाठवणारं खातं) तयार करा, टोकन म्हणजे त्याची किल्ली घ्या, काम झालं. पण आपल्याकडे लोक व्हॉट्सॲपवर असतात. तिथे अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्म वापरा. समोरच्यानं शेवटचा संदेश पाठवून २४ तास उलटले असतील तर आधी मंजूर करून घेतलेल्या टेम्प्लेटमधूनच संदेश जातो, हे लक्षात ठेवून टेम्प्लेट बनवा. व्हॉट्सॲप वेब ब्राउझर स्क्रिप्टनं हाकून घाऊक संदेश पाठवणं त्यांच्या अटींत बसत नाही आणि नंबर बंद होऊ शकतो. दुकानाचा वर्षानुवर्षांचा नंबर त्यासाठी पणाला लावू नका. शेतकऱ्यांचे नंबर घेताना कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्या, आणि नको म्हणणाऱ्याचं नाव काढायची सोय ठेवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण तो नसता तरी हे करायलाच हवं होतं.

उलट दिशा: वर्कफ्लोनं ब्राउझरला हाक मारायची

कधी शेतकरीच बॉटला विचारतो, ‘आज बेदाणा काय निघाला?’ तेव्हा वर्कफ्लोनं स्क्रिप्ट चालवावी लागते. त्यासाठी ब्राउझरच्या कंटेनरमध्ये छोटा सर्व्हर ठेवा, जो विनंती घेऊन स्क्रिप्ट चालवेल. पान उघडून वाचायला वेळ लागतो आणि वर्कफ्लो सेवा उत्तरासाठी फार वेळ ताटकळत नाहीत. म्हणून त्या सर्व्हरनं लगेच ‘काम घेतलं’ म्हणजे २०२ असं उत्तर द्यावं आणि काम संपल्यावर वर्कफ्लोला परत हाक मारावी. एन-एट-एनमधल्या वेट पायरीला त्यासाठी प्रत्येक फेरीचा स्वतंत्र परतीचा पत्ता मिळतो. तो विनंतीसोबत पाठवला की झालं.

इथे दोन बंधनं पाळा. विनंतीत पानाचा पत्ता बाहेरून घेऊ नका, फक्त ठरलेल्या कामांची नावं घ्या: हळद, बेदाणा, गूळ. पत्ता घ्यायला लागलात की कुणीही तुमच्या ब्राउझरला तुमच्या आतल्या नेटवर्कमधलं पान उघडायला लावू शकतो. आणि एका वेळी एकच ब्राउझर चालवा, बाकीच्या विनंत्या रांगेत. आजचा दर शीटमध्ये आधीच असेल तर ब्राउझर उघडूच नका, शीटमधूनच उत्तर द्या.

घड्याळ

एन-एट-एन डॉकरवर बसवल्यावर त्याचं मूळ घड्याळ न्यूयॉर्कचं असतं. जेनेरिक टाइमझोन या चलात एशिया-कोलकाता भरल्याशिवाय संध्याकाळी सहाची वेळ सांगलीची नसते. स्क्रिप्ट गिटहब ॲक्शन्सवरून (गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाची प्रोग्राम चालवायची सोय) चालवत असाल तर तिथलं वेळापत्रक नेहमीप्रमाणे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, द्या. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे तिथले दुपारचे साडेबारा. गर्दीच्या वेळी तिथली फेरी उशिरा सुटते, आणि सार्वजनिक रेपॉझिटरीत (कोडाच्या साठ्यात) ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रक आपोआप बंद पडतं.

काहीच आलं नाही, हेही कळलं पाहिजे

त्रुटी आली तर वर्कफ्लो कळवतो, त्यासाठी एरर ट्रिगरचा वेगळा वर्कफ्लो जोडता येतो. पण स्क्रिप्ट सुरूच झाली नाही तर त्रुटीही येत नाही. म्हणून आणखी एक छोटा वर्कफ्लो ठेवा. तो रोज साडेसातला शीट उघडेल आणि आजच्या तारखेची ‘मिळाले’ किंवा ‘सौदे नाहीत’ यांपैकी एकही नोंद नसेल तर जबाबदार माणसाला फोनवर सूचना देईल. हा पहारेकरी स्क्रिप्टच्याच मशिनवर ठेवला तर मशीन बंद पडल्यावर दोघंही गप्प होतात. तो दुसऱ्या ठिकाणी हवा.

मशीन कुठे ठेवायचं, याचंही उत्तर सांगलीत वेगळं द्यावं लागतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फुटांची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. अशा वेळी यार्ड बंद असलं तरी दूरच्या बाजारांचे दर, आणि यार्ड कधी उघडणार, हे शेतकऱ्याला हवंच असतं. तळमजल्यावरच्या ऑफिसातल्या संगणकाऐवजी भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर हे सगळं ठेवा. स्क्रिप्ट, वर्कफ्लोची निर्यात केलेली प्रत आणि शीट यांची आणखी एक प्रत वेगळ्या खात्यात असू द्या.

लॉगिन असलेलं पान वाचत असाल तर प्लेराइटमध्ये सत्राची स्थिती फाइलमध्ये साठवता येते, रोज लॉगिन करावं लागत नाही. ती फाइल पासवर्डइतकीच जपा. सत्र संपलं की स्क्रिप्टला लॉगिनचं पान दिसेल. ते ओळखून तिनं ‘बिघाड’ कळवावा आणि माणसानं पुन्हा लॉगिन करावं. प्रत्येक बिघाडाच्या वेळी पानाचं चित्र आणि प्लेराइटचा ट्रेस, म्हणजे फेरीत पायरीपायरीनं काय घडलं याची नोंद, साठवा. दुसऱ्या दिवशी पान पूर्ववत झालेलं असतं, मग काय घडलं होतं हे ट्रेसशिवाय कळत नाही. चित्र वेबहुकमधून पाठवू नका, ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवा.

सगळं जुळल्यावर पहिले पंधरा दिवस संदेश फक्त दुकानातल्याच नंबरांवर जाऊ द्या आणि दिवाणजींचं हातानं लिहिणंही सुरू ठेवा. रोज दोन्ही आकडे शेजारी लावा. फरक पडला तर त्या दिवसाचा ट्रेस उघडून कारण शोधा. त्यात एक तरी रविवार, एक सुट्टी आणि एक उशिरा अद्ययावत झालेलं पान येऊन गेलं पाहिजे. ते नीट पार पडलं की ओळखीच्या चार-पाच शेतकऱ्यांना जोडा, संदेशात दराची तारीख आणि परिमाण वाचता येतं का ते त्यांनाच विचारा, आणि मग बाकीचा गट घ्या.